मोगरी थांबली की

"मासी ठोकणारीची मोगरी मध्येच थांबली, तर हातातलं टाकून बघायला जायचं," असं सासूनं बजावलं, तेव्हा फिजीच्या राजधानीत, सुवात कॉलेज केलेली उनाइसी नुसती हसली होती. शेजारची तितिलिया आजी, सगळ्यांची बुबू, मासीचं कापड करायला रोज झाडाची ओली साल ठोकायची, आणि त्या ठकठकीनं बाळाची झोपमोड व्हायची.

आज उनाइसी परसात कसावा सोलत होती. घरात रडणारं बाळ एकदाचं निजलं, पाठोपाठ मोगरीही थांबली. सुटले बाई, असं तिला वाटलं. पण ओली साल वाळली की वाया जाते. ती अर्ध्यावर टाकून कुणी उठत नाही. हातातला कसावा टाकून उनाइसी उठली. ती धावली.

बुबूच्या छपरीत कुणीच नव्हतं. मोगरी खाली पडलेली, साल वाळत चाललेली.

"बुबू!"

"ओरडू नकोस, इकडे ये."

आवाज उनाइसीच्याच घरातून आला. बुबूच्या खांद्यावर बाळ धापा टाकत होतं.

"मच्छरदाणी तोंडाला गुंडाळली होती गं. निजणारं पोर कुरकुरत निजतं, याचं रडं एकदम तुटलं."

"आणि ती साल?"

"याच्या वाढदिवसाच्या मासीचीच होती, शहाणे. उठले नसते, तर त्याच मासीत गुंडाळून याला मातीला न्यावं लागलं असतं."

तुमच्या शेजारचा रोजचा आवाज आज आलाय ना? नसेल, तर आधी डोकावून या.