दोन घोट पाणी

म्हातारीनं सहीला पुस्तक पुढं केलंच नाही. वाकून थेट जयसिंगरावांचे पाय धरले.

"अहो मावशी, हे काय!" जयसिंगराव दोन पावलं मागं सरले.

शिरूरच्या वाचनालयातला सत्कार नुकताच उरकला होता. तीस वर्षं पुण्यात आगीच्या बंबावर काढलेला माणूस लेखक झाला, म्हणून शाल, नारळ, फोटो, सगळं यथासांग झालेलं. गडी खुशीत होता.

"मी सरूबाई, खुटबावची. गोडावनात जळाला त्या मल्हारची आई. शेजारच्या अंकितानं तुमचं बुक वाचून दावलं. माज्या लेकाला शेवटाला दोन घोट पाणी पाजलंत म्हनं तुम्ही."

जयसिंगरावांना ती आग आठवली. ते आत पोचले तेव्हा पोरगं कधीच गेलं होतं. पण प्रकाशक म्हणाला, प्रकरण फार कोरडं झालंय, शेवटी काहीतरी घाला. यांनी बसल्या बसल्या दोन घोट पाणी घातलं. कागदावरच तर घालायचं, आपलं काय जातंय! आख्ख्या पुस्तकात तेवढं एकच खोटं, आणि म्हातारीनं नेमकं तेच उचललं होतं.

"सात वर्सं झाली, सायेब. लेकरू तान्हेलं गेलं, ह्येच डोक्यात. तांब्या तोंडाला लावला की घोट उतरायचा न्हाई. परवा पोटभर प्याले बगा."

"मावशी, त्याचं असंय..."

सांगून टाकावं, आत्ताच. पण सरूबाईचा चेहरा असा निवलेला, की त्यांची जीभ रेटेना. जळत्या घरात शिरताना कधी कचरला नव्हता हा माणूस. इथं मात्र त्याचं काही म्हणता काही चालेना.

"लई तळमळत व्हता का वो?"

"नाही," जयसिंगराव म्हणाले. "शांत होता."

म्हणजे आणखी एक खोटं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

सरूबाईनं पदरानं डोळे पुसले. मग दळण टाकायला सांगावं इतक्या सहज म्हणाली, "मालक गेलं, एकुलता एक त्यो बी गेला. माज्या तोंडात पाणी घालाया आता कोन न्हाई. माजी येळ आली की अंकिताला फोन कराया लावते. तेवढं तुम्हीच या."

जयसिंगरावांनी मान हलवली. दुसरं करणार काय?

"लांब न्हाई, सायेब. यवतला उतरलं की रिक्षा मिळती."