खालून कापलेली बातमी

गणपतरावांनी मधुमेहाच्या गोळ्या बंद करून अकरा दिवस झाले होते. इराला ते रविवारी सकाळी कळलं, तेही गोदावरीबाईंनी हुरळीच्या गरम पाण्याचा पेला तिच्याही पुढे सरकवला म्हणून.

"तू पण पी की, इराम्मा. यांना मात्रे बंद, रोज हेच. तूच लिवलीस अल्वा?"

लिहिलं होतं खरं. इरा म्हैसूरच्या विजयनगर भागातल्या या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहायची आणि पुण्याच्या एका दैनिकाला विज्ञानाच्या बातम्या पाठवायची. मात्रे म्हणजे गोळ्या आणि हुरळी म्हणजे आपले कुळीथ. मोड आलेल्या कुळथाच्या अर्काने रक्तातली साखर उतरते, असं म्हैसूरच्या एका प्रयोगशाळेत दिसलं होतं. दिसलं होतं ते चोवीस उंदरांमध्ये. तेही इराने लिहिलं होतं, शेवटच्या परिच्छेदात, अगदी नीट: प्रयोग उंदरांवरचा आहे, माणसांवर झालेला नाही, कुणीही आपली औषधं बंद करू नयेत. मग ऐनवेळी पानावर जाहिरात आली आणि उपसंपादकाने नेहमीप्रमाणे बातमी खालून कापली. मथळा मात्र त्याने स्वतःच्या पदरचा दिला: 'कुळीथ खा, मधुमेह विसरा'.

ते पान आता लष्कर मोहल्ल्यातल्या दुकानातून लॅमिनेट होऊन आलं होतं आणि गणपतरावांच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी टांगलं होतं. मथळ्याखाली ठळक अक्षरात इराचं नाव. आपल्या भाडेकरणीचं नाव मराठी पेपरात छापून येतं, याचं नवराबायकोला फार कौतुक.

गणपतराव पाय स्टुलावर ठेवून बसले होते. टाचेला पट्टी होती.

"हे काय झालं, काका?"

"चप्पल लागली. सुम्ने, काय नाही."

"कधी?"

"आयतु, झाले आठ दिवस."

आठ दिवस. मधुमेह्याच्या पायाची जखम भरत नसेल तर काय होतं, यावर इराने गेल्या दोन वर्षांत दोन लेख लिहिले होते. ते कुणी लॅमिनेट केले नव्हते.

"काका, गोळी आत्ताच्या आत्ता सुरू करा. पाय आजच डॉक्टरांना दाखवू. तो प्रयोग उंदरांवरचा आहे, माणसांवरचा नाही."

"उंदीर?" गणपतराव उठले, लंगडत पानाजवळ गेले आणि ओळीखाली बोट धरून वाचू लागले. त्यांचं शिक्षण सगळं कन्नडमधलं. मराठी अक्षरं घरच्या पोथीवरून आलेली, त्यामुळे ते मराठी वाचायचे सावकाश पण एक शब्द न सोडता. "तीन वेळा वाचलो मी. उंदराचं नावच इल्ला ह्यात."

"मी लिहिलं होतं. त्यांनी कापलं."

"कापले तर कापू दे. पेपरात येऊ दे पुन्हा, मग घेतो मात्रे."

इराने तिथूनच संपादकांना, हरिहर सरांना, फोन लावला. तिला काही बोलायला मिळायच्या आतच त्यांनी अभिनंदन केलं.

"अगं, या महिन्यात सगळ्यात जास्त वाचलेली बातमी तुझी आहे. बंगळुरूच्या कार्यशाळेला तुझंच नाव पाठवलंय. 'विज्ञान लोकांपर्यंत कसं पोचवावं'. तीन दिवस, प्रमाणपत्रासकट."

"सर, माझ्या घरमालकांनी गोळ्या बंद केल्यात ती बातमी वाचून. उद्या खुलासा छापा. पहिल्या पानावर."

"पहिल्या पानावर कसं जमेल? बुधवारी बघू. वाचकांच्या पत्रांखाली जागा उरली तर."

"उरली तर?"

"इरा, तू कार्यशाळेचा फॉर्म तेवढा आज भर."

तिने फोन ठेवला. रागाने डोकं नुसतं फुटायची वेळ आली होती, आणि ज्याच्यावर राग काढायचा तो उपसंपादक नऊशे किलोमीटरवर निवांत झोपलेला असणार. ती तडातडा जिना चढून वर गेली आणि लॅपटॉप घेऊन खाली आली. मूळ बातमी उघडली, अक्षरं मोठी केली, शेवटच्या परिच्छेदापर्यंत आणली आणि गणपतरावांच्या मांडीवर ठेवली.

"हे मी पाठवलं होतं. वाचा."

गणपतरावांनी बोट धरून वाचलं. एकदा. मग पुन्हा एकदा. गोदावरीबाई पाठीमागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांचं वाचून झाल्यावर बाईंनी कपाटातून गोळ्यांची पट्टी काढली आणि एक गोळी नवऱ्याच्या तळहातावर ठेवली. ती त्यांनी गिळली.

इराचा जीव भांड्यात पडला.

"हे एवढं जरुरीचं," गणपतराव पडद्यावर बोट टेकवत म्हणाले, "मग सगळ्याच्या खाली कशाला ठेवलीस, इराम्मा?"

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं. इराकडे उत्तर होतं: आधी शोध, मग शास्त्रज्ञ काय म्हणतात ते, मर्यादा शेवटी, बातमी अशीच लिहायची असते. तिला हे नऊ वर्षांपूर्वी शिकवलं होतं. ती स्वतः चार वर्षं उपसंपादक म्हणून डेस्कवर होती, तेव्हा तिनेही शेकडो बातम्या खालूनच कापल्या होत्या. हे तिला आता त्यांना सांगता येईना. उपसंपादकावरचा राग जागच्या जागी राहिला, पण त्यातला निम्मा तिच्याकडे वळला.

गणपतराव तोवर खिशातून मोबाइल काढून नंबर शोधत होते.

"कुणाला फोन, काका?"

"मानाजीरावला, माझ्या दोस्ताला. पानाचा फोटो पाठवलतो त्याला. तो पण मात्रे सोडलाय, त्याच्या ओळखीचे अजून तिघं पितात हुरळी."

फोन लागला. पलीकडून मानाजीरावांनी तब्येतीची विचारपूस सुरू केली असावी, कारण गणपतरावांनी त्यांना मध्येच थांबवलं.

"ते असू दे. पैले मात्रे गिळ. कशाला ते मागून सांगतो."