वरची खाच

"हे कुठून उचललंस?"

ओड्वारनं बकल टेबलावर आपटलं. सोल्रून वॅफलवर तपकिरी चीजचा काप ठेवत होती. तिनं मान वर केली नाही.

"उचललं नाही. बनवलं."

दर शुक्रवारी विद्यापीठाच्या नवउद्योग केंद्रात वॅफल मिळतात, बाकी काही मिळो न मिळो. भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलंय, 'बिनधास्त चुका, कल्पना वाटा.' घोषणा ओड्वारची. केंद्राचा प्रमुखही तोच, कारण या किनाऱ्यावर होडीहोडीत जे लाइफ जॅकेट आहे त्याचं बकल त्याच्या नावावर आहे. दर वर्षी नव्या पोरांना तो ते दाखवतो. गळ्याखाली, उजवीकडे बसवलेलं, डाव्या हातानं लागणारं. "का?" असं विचारतो आणि उत्तरही स्वतःच देतो. वादळात कोळ्याचा उजवा हात दोरावर असतो, म्हणून जीव डाव्या हातानं वाचला पाहिजे! पोरं टाळ्या वाजवतात.

आणि आता विद्यार्थ्यांच्या निधीसाठी दुसऱ्या वर्षाच्या या पोरीनं तेच बकल पाठवलं होतं.

"माझं बकल माझ्याच पुढ्यात मांडतेस? हिंमत आहे हं तुझी."

"तुझ्या बकलात नि ह्यात फरक आहे, ओड्वार. वरची खाच बघ."

इथे सगळेच एकमेकांना अरे-तुरे करतात. पण तिचं अरे-तुरे त्याला टोचलं.

खाच त्यानं पाहिली होती. काल अर्ज उघडला तेव्हाच. बकलाच्या वरच्या कडेला एक बाकदार खाच. कारखान्यातून निघालेल्या एकाही बकलाला ती नव्हती. ती होती फक्त बकलाच्या पहिल्या चित्राच्या कागदावर, आणि तो कागद त्याच्या कपाटात कुलपाआड होता.

"कशाला ही?"

"हनुवटीनं दाबून धरायला."

तो हसला. "हनुवटीनं बकल कोण लावतं गं?"

"लावतं कुणीतरी."

"तुला कुणी सुचवलं हे?"

"घरी एक जुना कागद आहे." तिनं घास गिळला आणि बोट दाखवलं. "त्या पेटीतल्या कागदांचं काय झालं रे?"

कॉफीच्या यंत्राशेजारी एक लाकडी पेटी होती, वर कुंडी. सव्वीस वर्षांपूर्वी केंद्र सुरू झालं नि ओड्वार इथे साधा मदतनीस होता, तेव्हा गावातल्या कुणीही आपली कल्पना कागदावर काढून, खालच्या कोपऱ्यात नाव लिहून तिच्यात टाकावी म्हणून ठेवलेली.

"कचरा होता सगळा. फेकला. विषय बदलू नकोस."

"बदलला नाही."

तिनं बोटं पुसली, खुर्चीवरचं जॅकेट अंगात चढवलं आणि डाव्या हातानं एका झटक्यात बकल लावलं. ओड्वार बघत राहिला. त्याला स्वतःला ते पहिल्या फटक्यात कधीच लागायचं नाही.

"डावखुरी आहेस?"

"नाही. आमच्या घरी असंच लावतात."

तो तडक आपल्या खोलीत गेला. कपाट उघडलं. कागद जागेवर होता. म्हणजे फोटो काढला असणार. किल्ली अजून कुणाकडे होती? सफाईवाल्या बाईकडे. देखभालीवाल्याकडे. त्यानं कुलूप उलटसुलट करून पाहिलं. ओरखडा नव्हता. पोरगी हुशार होती तर.

दुपारीच त्यानं विद्यापीठाच्या चौकशी समितीकडे तक्रार लिहिली. चोरी सिद्ध झाली तर पोरगी वर्षभर बाहेर, आणि निधी विसरायचा.

ती जिन्यात भेटली. रडेल, गयावया करेल असं त्याला वाटलं होतं.

"तक्रारीत पुरावा काय दिलास?" तिनं विचारलं.

"माझा पहिला कागद. तोच घेऊन येणार आहे."

"बरं झालं."

हे 'बरं झालं' त्याला अजिबात आवडलं नाही. "सोबत कुणाला आणतेयस? वकील?"

"आईला."

"आई काय करते?"

"मासळीच्या कारखान्यात होती."

ओड्वारचा जीव भांड्यात पडला.

मंगळवारी दहाला चौकशी होती. समितीची अध्यक्ष गुन्वोर कायदा शिकवायची. तिला कुणी हसताना पाहिलेलं नव्हतं. ओड्वारनं कागद तिच्यापुढे पसरला.

"सव्वीस वर्षांचा कागद आहे हा. ही खाच बघ. जगात दुसरीकडे कुठेही नाही. मी हा कागद आजवर कुणालाही दाखवलेला नाही. हिला माहीत असेल तर माझं कपाट उघडूनच."

"खालचा कोपरा कुठेय?"

"जुना कागद आहे. फाटला असेल."

"इतका सरळ?" गुन्वोरनं कडेवरून बोट फिरवलं. "बरं. ही खाच कशासाठी काढली होतीस?"

"सहज. म्हणजे... प्रयोग म्हणून. काही उपयोग नव्हता तिचा, मग वगळली."

"आणि बकल डाव्या हातानं का लागतं?"

हे त्याला पाठ होतं. त्यानं वादळ सांगितलं, कोळी सांगितला, दोर सांगितला. इथे टाळ्या पडल्या नाहीत. गुन्वोरनं शब्द न् शब्द लिहून घेतला.

"सोल्रून, तुला काही म्हणायचंय?"

"मला नाही. आई बाहेर बसलीय."

दार उघडलं. साठीची एक बाई आत आली. अंगात विटलेलं नारिंगी जॅकेट, त्यावर सोल्रूनचं बकल, अजून न लावलेलं. ती कुणाशी बोलली नाही. टेबलापाशी आली, मान वळवून हनुवटी खाचेत दाबली आणि डाव्या हातानं पट्टा ओढला. खट्.

मग हस्तांदोलनासाठी तोच हात तिनं ओड्वारपुढे केला. उजवी बाही कोपराशी दुमडून पिनेनं टाचलेली होती.