डाव्या हाताची सूज

गलोलचा डावा हात बर्फाच्या बादलीत बुडवून फिजिओताई घड्याळाकडे बघत होत्या. दहा मिनिटं बर्फ, मग पट्टी. चार वाजून गेले होते. पाच वाजता परदेशी जाणाऱ्या खेळाडूंची यादी बंद होणार होती.

भालाफेकीत एवढं नाव कमावलं, पण त्याला खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. शाळेपासून गलोल तो गलोलच. आज सकाळी या गलोलने मैदानावरच्या स्टोअरच्या काकांना बेदम मारलं होतं. कारण काय, तर वहीत सही केल्याशिवाय नवा भाला मिळणार नाही, असं काका म्हणाले. काका आता इस्पितळात होते. जबडा मोडला होता, आणि एक डोळा गेल्यातच जमा होता.

प्रशिक्षक सरांनी टेबलावर कोरा कागद सरकवला.

"चारच ओळी लिहा, ताई. खांद्याचं दुखणं, गोळ्या, झोप नाही. त्या भरात शुद्ध हरपली, आपण काय करतोय हे त्याला कळलंच नाही. तुम्ही लिहिलंत की महासंघाची निवड समिती ऐकेल."

"आणि काका?"

"काकांचं सगळं महासंघ बघेल ना! मी कुठे नाही म्हणतोय? पण तेवीस वर्षांनी पदक दिसतंय हो. एका सकाळच्या रागापायी ते घालवायचं?"

ताईंनी पेन उचललं. त्यांनाही ते लिहायचंच होतं, खोटं कशाला बोला. भाला फेकायच्या उजव्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा गलोलला साधा कंगवा धरता येत नव्हता. दोन वर्षं खपून त्यांनी तो हात बोट बोट वर आणला होता. त्यांचा नवरा तर चेष्टेने म्हणायचा, आपल्याला दोन अपत्यं, एक मुलगी आणि दुसरा गलोलचा खांदा. 'शुद्ध हरपली'पर्यंत त्या लिहूनही मोकळ्या झाल्या.

मग दहा मिनिटं भरली. त्यांनी गलोलचा हात बादलीतून काढून टॉवेलवर घेतला. बोटांची पेरं टम्म सुजली होती, दोन ठिकाणी कातडी फाटली होती. सवयीने त्यांनी उजवा हातही तपासायला घेतला. तो उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला.

"सगळं डाव्यानेच मारलंस?"

"मग काय तर!" गलोल म्हणाला. "पहिला उजवाच उचलला होता, ताई. पण वरच्या वर थांबवला. तुम्हीच सांगितलंय ना, बरणीचं झाकणसुद्धा डाव्याने उघडायचं. उजव्याला धक्का नको."

आणि तो त्यांच्याकडे बघत राहिला. व्यायाम नीट जमला की शाबासकीसाठी बघायचा, तसाच.

"किती वेळा मारलंस?"

"मोजले नाहीत. सहा-सात."

"तू गप्प बस रे!" सर खेकसले.

ताईंनी त्याचा उजवा हात सोडून दिला. एवढा वेळ त्या ज्याची कीव करत होत्या, तो पोरगा या खोलीत नव्हताच. त्यांनी लिहिलेल्या ओळींवर काट मारली. पुढच्याच महिन्यात त्यांचा करार संपत होता, तो पुन्हा कोण करतंय आता! त्यांनी अक्षर शक्य तितकं स्वच्छ काढलं. मारहाण फक्त डाव्या हाताने केली आहे. उचललेला उजवा हात आपण इजा होऊ नये म्हणून थांबवला, असं खेळाडू स्वतः सांगतो. उजव्या हातावर ओरखडाही नाही. खेळाडू पूर्ण शुद्धीत होता.

सरांनी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

"ताई, पोराचं आयुष्य बरबाद होईल."

"काकांचा डोळा गेलाय, सर."

तेवढ्यात दार ढकलून महासंघाचे अध्यक्ष आत आले. हातात यादी, कपाळावर घाम. पावणेपाच झाले होते. कुणी काही बोलायच्या आत ताईंनी कागद त्यांच्या हातात दिला.

अध्यक्षांनी तो एकदा वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला, एका ओळीखाली बोट फिरवत. मग त्यांनी मोठा सुस्कारा सोडला आणि सरांकडे वळून हसले.

"काय हो, सकाळपासून आमच्या जिवाला घोर लावलात! उजव्याला तर ओरखडाही नाही म्हणतायत या."