आतली खोली

“आतल्या खोलीची चावी कोनाकोनापाशी असते, मॅडम?”

बापूरावांनी भेंड्यांची टोपली टेबलाखाली सरकवली आणि खुर्ची पुढे ओढली. रंजिताची कीबोर्डवरची बोटं थांबली. भेंडीवाल्याला चावी कशाला हवी?

सोमवारी दुपारी नगरपंचायतीची कागदपत्रं कोणालाही बघता येतात, असा नियम. नियम होता म्हणून भिंतीवर फलक होता. त्या वेळेला कोणी फिरकत मात्र नसे. आता हे बापूराव दर सोमवारी हजर. बाकीचा आठवडा ते फाटकासमोर भाजी विकायचे, आणि भाजीपेक्षा फाटकावरच त्यांचा डोळा जास्त. मागच्या खेपेला त्यांनी आतल्या खोलीच्या दाराचा फोटो काढला होता. शिपाई रोशनने तो तिथल्या तिथे पुसायला लावला.

“काका, रस्त्याचं बिल बघा, नळयोजनेचं बघा. आतली खोली म्हणजे काही कागद नाही.”

“कागद नाई, पन सरकारी हाये नं?”

“तो सुरक्षेचा विषय आहे.”

“काऊन?”

आता याला काय कपाळ सांगायचं! आतल्या खोलीत सर्व्हर होता. गावातल्या घरांचा कर, घरकुल मिळालेल्यांचे आधार क्रमांक, बँकेची खाती, मोबाइल नंबर, सगळं त्यात. रंजिताच्या आईचंही. शेजारच्या तालुक्यातल्या एका कार्यालयाची सगळी माहिती कोणीतरी बाहेरून बंद करून टाकली, तेव्हा तिथल्या ऑपरेटरला घरी बसवलं होतं. रंजिताही कंत्राटीच. काही इकडचं तिकडं झालं तर साहेबांचं काही बिघडणार नव्हतं, नोकरी तिचीच जाणार होती.

त्यात बापूरावांचा पुतण्या विक्की नागपूरला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात होता. परवा काका-पुतणे फाटकाबाहेर उभे राहून आतल्या गाड्यांचे नंबर लिहून घेताना तिने खिडकीतून पाहिले होते. दोन अधिक दोन किती, ते तिला कळत होतं.

बापूराव उठले. जाताना त्यांनी टेबलावर एक अर्ज ठेवला. आतल्या खोलीत कोण जातं, कोणाच्या सांगण्यावरून जातं, एवढंच त्यात विचारलं होतं.

रंजिताने अर्ज धनंजय सरांना दाखवला. शेजारचा तो प्रकार झाल्यापासून सर्व्हरच्या सुरक्षेचं काम त्यांच्याकडे होतं. माणूस मोठा खडूस. पहिल्याच दिवशी तिच्या स्क्रीनला चिकटवलेली पासवर्डची चिठ्ठी फाडून त्यांनी तिला सगळ्यांसमोर झापलं होतं. नंतर साहेबांनाही पासवर्ड बदलायला लावला. तेव्हा रंजिताला मनातून बरं वाटलं होतं.

“नाकारा,” अर्जावरून नजर फिरवत सर म्हणाले. “घुसणारा माणूस आधी हेच विचारतो, आत कोण आहे.”

तिने नाकारला. सरांनी सांगितलेलं वाक्य जसंच्या तसं लिहून.

बापूराव गप्प बसणाऱ्यातले नव्हते. त्यांनी अपील केलं. मुख्याधिकारी मधुकरराव साहेबांकडे दोन गावांचा कारभार. ते वर्ध्याहून यायचे, सह्या करायचे आणि जायचे. त्यांनी वैतागून सुनावणी लावली.

सुनावणीच्या दिवशी धनंजय सर सकाळीच आले. हातात नवी हार्ड डिस्क होती.

“मी सुनावणीला येत नाही. तो माणूस चिडला तर काय करील सांगता येत नाही, म्हणून सगळ्याचा बॅकअप घेऊन ठेवतो. तुम्ही त्याला तिकडे गुंतवून ठेवा.”

रंजिताने त्यांना चावी दिली आणि साहेबांच्या केबिनमध्ये गेली. तिला भीतीपेक्षा राग जास्त होता.

“काय काका,” साहेबांनी घड्याळाकडे बघत सुरुवात केली, “कार्यालयाचे पासवर्ड पाहिजेत का तुम्हाला?”

“पासवर्ड घेऊन मी का करू, साहेब? मले माह्या फोनचा याद राहत नाई.” बापूरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “आमच्या कुंतीले घरकुल मंजूर झालं. दोन महिने झाले, तिले फोन आला, बँकेतून बोलून राह्यलो म्हने. खात्याचा नंबर, आधारचा नंबर, घराचा नंबर, सारं धडाधडा सांगतलं त्यानं. शेजारच्या गंगालेही तसाच फोन. हे सारं एका जागी कुठी हाये? तुमच्या आतल्या खोलीत. म्हनून मी ध्यान ठेवून राह्यलो.”

“नंबर कुठूनही फुटतात, साहेब,” रंजिता मध्येच म्हणाली. “आपला सर्व्हर पक्का आहे. धनंजय सर स्वतः बघतात. आत्तासुद्धा आत तेच काम करतायत.”

“मंग त्याईचंच सांगा नं, बाई. त्याईले कामावर कोनं ठेवलं? अर्जात मी दुसरं का इचारलं होतं?”

रंजिताला हसूच आलं. इतके सोमवार या एवढ्याशा गोष्टीसाठी! यात झाकून ठेवण्यासारखं काहीच नव्हतं. आधीच सांगून टाकलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटून ती साहेबांनी उत्तर द्यावं म्हणून त्यांच्याकडे बघू लागली.

साहेब तिच्याकडेच बघत होते.

“सांगा ना, मॅडम,” ते म्हणाले. “तुम्हीच बोलावलं होतं ना त्यांना?”