रुमालातला दात

मी स्टेजमागे गिटार सुरात लावत होते. तेवढ्यात घोरपडे सर आले. मला हॉकी त्यांनीच शिकवली होती. गुडघा गेल्यावर माझं खेळणं सुटलं, त्यानंतर आज पहिल्यांदाच भेटत होते.

“चांगली कोचची नोकरी बघून दिली, तर फोनवरच नाही म्हणालीस. आणि हे रॉक का काय, नुसता आरडाओरडा.”

“मैदानात तुम्हीच ओरडायला लावायचात, सर. मुकी पोरगी संघात नको म्हणायचात.”

“ते खेळासाठी होतं.”

“हेही तसंच आहे. इथं शिट्टी वाजली की थांबायचं नसतं, एवढाच फरक.”

बाहेर आमच्या बँडचं नाव पुकारलं. मी पुढचा खोटा दात काढला. खरा दात पेनल्टी कॉर्नर अडवताना पडला होता. तेव्हापासून खोटा दात प्रत्येक मॅचआधी काढून सरांकडे सांभाळायला द्यायचा, हे ठरलेलं. आजही मी तो त्यांच्यापुढे धरला आणि नजर हटवली नाही.

सर तोंड वाकडं करून उभे राहिले. मग त्यांनी खिशातला रुमाल काढून तळहातावर पसरला.

“जा,” ते म्हणाले. “मागच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेलं पाहिजे.”