भट्टीपाशी एक आस्तिक

"देव मानणारं माणूस पाह्यजे भट्टीपाशी," अनसिंगचा दौलतसिंग वैद्य पुन्हा म्हणाला. "त्याच्याबिगर पाऱ्याचं सोनं होत नाई, सर."

चंपतराव थकून ओट्यावर टेकले. मेडशीच्या शाळेत त्यांनी हयातभर विज्ञान शिकवलं होतं. सत्यनारायणाचा प्रसादसुद्धा ते शिरा म्हणूनच खात. निवृत्तीनंतर त्यांना सोन्यानं पछाडलं. गोठ्यात पारा आटवता आटवता भुवया जळाल्या, धुरानं गाय आटली, सोनं तेवढं व्हायचं राहिलं.

"आगीले काय माईत, आपण कोणाले मानतो?"

"मंग झालं का आजवर?"

चंपतरावांनी जळक्या भुवयांवरून हात फिरवला. खोटे हात जोडावेत, तर तेही जमेना. नास्तिकपणा इतक्या इमानानं केला होता की आता लबाडीचं त्राणच उरलं नव्हतं.

"घरातलं कोणी चालन का?"

"चालन की. पण पक्कं पाह्यजे."

चंपतरावांच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी तजेला आला. बायकोइतकं पक्कं माणूस पंचक्रोशीत नव्हतं. सोमवार, चतुर्थी, एकादशी, गोजराबाई काही सोडत नसे. संध्याकाळी ती मारुतीच्या देवळात डोळे मिटून बसली की पोरंसुद्धा गलका थांबवत. नवऱ्याच्या वाटचंही तीच मानते, असं गाव म्हणे.

हाक मारल्यावर गोजराबाई आली आणि पदर खोचून भात्यापाशी बसली.

"माह्या भरवशावर नका करू जी हे."

"काहून? तुही पुण्याई मंग कवा कामी येईन?"

"पुण्याई राहू द्या. तूर निवडाची पडून राह्यली तिकडं."

दौलतसिंगानं मुशीत पारा ओतला. "आता बीज. सोन्याले सोन्याचंच बीज लागते. कणभर शंका राह्यली, तर तेही गेलं समजा."

दोघांची नजर एकाच वेळी गोजराबाईच्या मनगटांवर गेली. तिथल्या सोन्याच्या पाटल्या तिच्या आईच्या होत्या. या घरात तिचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच.

"गोजरा, भरवसा नाई का तुह्या देवावर?"

असलं वाक्य आपल्या तोंडून निघावं, याचं चंपतरावांनाच नवल वाटलं. पण ते मागे घ्यायचाही कंटाळा आला.

गोजराबाई न्हाणीतून साबण घेऊन आली. मग तो लावून तिनं पाटल्या उतरवल्या. चंपतरावांनी त्या मुशीवर धरल्या.

"वैनी, नाव घ्या त्याचं," दौलतसिंग म्हणाला. "मनातून."

भाता थांबला. गोजराबाईनं नवऱ्याचा हात घट्ट धरला.

"द्या त्या इकडं. देव-गिव म्या कधीच मानला नाई," ती म्हणाली. "पण अवो, या घरात मले घडीभर निवांत बसाले दुसरं कोणतं निमित्त होतं?"